पाकळ्यांवरचा जीव

करडीला माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी ओसरीच्या भिंतीवर गेल्या आषाढापासून एक चित्र टांगलेले आहे. पद्मासनात बसलेली एक आकृती, तिच्या कण्यावर खालून वर सात कमळे, आणि कमळांना इंद्रधनुष्याच्या क्रमाने सात रंग. मूलाधार तांबडे, स्वाधिष्ठान नारिंगी, मणिपूर पिवळे, अनाहत हिरवे, आणि असेच वर जांभळ्यापर्यंत. प्रत्येक कमळासमोर चौकटीत एकेक भावना छापली आहे. मूलाधारासमोर भीती, स्वाधिष्ठानासमोर अपराधभाव, मणिपुरासमोर लाज, अनाहतासमोर शोक.

चित्र भाचीने पुण्याहून पाठवले. गेल्या वर्षी धानाची कापणी चालू असताना भाऊजी गेले. त्यानंतर ताई बोलेनाशी झाली. भाचीने तिला मोबाइलवर एक वर्ग लावून दिला. रोज सकाळी पाऊण तास आधी श्वास, मग डोळे मिटून छातीत हिरवा रंग पाहणे, आणि तिथे साठलेला शोक "मोकळा करणे". मी दिवाळीच्या आधी महिनाभर गावी राहायला गेलो, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताई चहाचा कप पुढे ठेवत म्हणाली, "बाबू, चार महिने झाले. श्वास घेतो तेवढा वेळ बरं वाटते. पन थो हिरवा रंग काही दिसत नाही मले. अनाहत बंद आहे म्हन्ते पोरगी. माह्यंच काही चुकत असन का?"

मी आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवले. योगातला माझा अधिकार शून्य. पण प्रश्नाचा एक भाग माझ्या आवाक्यातला होता. शोकाला अनाहतात कोणी बसवले? कधी? चित्राच्या तळाशी "हजारो वर्षांचे भारतीय ज्ञान" असे छापले आहे. हे ज्ञान ज्या ग्रंथांत असायला हवे, त्यांपैकी निदान दोन आपल्याच प्रदेशात, यादवांच्या राज्यात लिहिले गेले. ते पुन्हा उघडून पाहणे एवढाच या लेखाचा उद्योग.

करडीत बसून हा विचार करताना अंभोऱ्याची आठवण येणे अपरिहार्य होते. करडीहून वैनगंगेच्या प्रवाहाबरोबर खाली, भंडारा ओलांडून गेले की अंभोरा लागते. आता तिथे गोसेखुर्दचे पाणी पसरले आहे आणि नवा पूलही झाला आहे. पण टेकडीवरचे चैतन्येश्वराचे देऊळ आणि हरिनाथांची समाधी यांच्यामुळे 'विवेकसिंधू'कार मुकुंदराज आमचेच, अशी आमची बाजू आहे. अंबेजोगाईकरांची बाजू वेगळी आहे, आणि तो वाद इथे उकरून काढण्यात अर्थ नाही. सांगायचे एवढेच की 'विवेकसिंधू'चा परंपरेने मानलेला काळ शके १११०, म्हणजे इ.स. ११८८. मुकुंदराजांची गुरुपरंपरा आदिनाथापासून सुरू होते. नाथांचा योग मराठीत आला तो भाषेच्या पहिल्या पावलांबरोबरच आला.

त्यानंतर शंभर वर्षांनी, शके १२१२ मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाली. चक्रे आणि कुंडलिनी म्हटले की मराठी माणूस तिचा सहावा अध्याय उघडतो. मीही तोच उघडला.

गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या ज्या चार श्लोकांवर (११ ते १४) हे सगळे निरूपण उभे आहे, त्यांत चक्र हा शब्द नाही, कुंडलिनी नाही, बंध नाहीत. शुद्ध जागी आसन घाला, अंग सरळ ठेवा, नजर नाकाच्या शेंड्यावर ठेवा, मन आवरा, इतकेच आहे. ज्ञानेश्वरांनी त्यावर बंधांचे, प्राणाच्या कोंडमाऱ्याचे आणि जागी होऊन खवळलेल्या कुंडलिनीचे जे चित्र उभे केले, त्याला मराठीत तोड नाही. ती सर्पिणीच्या पिल्लासारखी वेटोळे घालून असते, जागी होते ती भुकेली होते, आणि मांस, मेद, रस, शरीरातली पृथ्वी आणि पाणी एकामागून एक खाऊन टाकते. मग तृप्त होते. साधकाला नवी कांती येते. यात गीतेबाहेरचे काही आले आहे याची ज्ञानेश्वरांना जाणीव आहे. हे नाथांच्या संकेतातले मर्म असून श्रीकृष्णाने त्याचा फक्त निर्देश केला, असे ते स्वतः नोंदवतात. पदरचे घालतो आहोत हे श्रोत्याला सांगून टाकणारा असा भाष्यकार विरळा.

पण ताईच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. या सगळ्या निरूपणात कोणत्या चक्रात कोणती भावना राहते याची यादी कुठेही नाही. भीती अमुक कमळात, शोक तमुक कमळात, असे ज्ञानेश्वरांना सुचलेलेही नाही. आणि ते साहजिक आहे. कारण त्या योगात भावनेचा निचरा करून माणसाला पुन्हा कामाला लावायचे नसते. तिथे शरीरच एका तत्त्वातून दुसऱ्या तत्त्वात विरत जाते, पिंडानेच पिंडाचा घास घेतला जातो. ज्याला शोक होतो तोच शिल्लक ठेवायचा नाही, असा तो मार्ग आहे. नवरा गेलेल्या बाईला चार घास गोड लागावेत हा हेतू चांगला आहे, पण तो सहाव्या अध्यायाचा हेतू नव्हे. शोकाने तर गीताच सुरू होते, आणि धनुष्य टाकून बसलेल्या अर्जुनाला श्रीकृष्ण पहिल्यांदा श्वास मोजायला सांगत नाहीत, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मग यादी आली कुठून? ती पूर्णपणे परदेशी असावी असा माझा समज होता, आणि तो चुकला. यादी आहे. तीही आपल्याकडे, ज्ञानेश्वरांच्या काही दशके आधी, देवगिरीला लिहिलेली. मात्र ती योगाच्या ग्रंथात नाही, गाण्याच्या ग्रंथात आहे.

शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' हा यादव राजा सिंघण याच्या कारकिर्दीतला, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातला ग्रंथ. घराणे मूळचे काश्मीरचे, आजोबांच्या वेळी दक्षिणेत आलेले. हा गृहस्थ दरबारात हिशेबाच्या खात्यावर मोठा अधिकारी होता आणि वैद्यकही जाणत होता. ग. ह. तारळेकरांनी या ग्रंथाचे मराठी भाषांतर केलेले आहे, तरी संगीतातले लोक सोडले तर तो फारसे कोणी उघडत नाही. पहिल्याच अध्यायात पिंडोत्पत्तीचे प्रकरण आहे. गाणे नादातून येते, नाद शरीरातून येतो, तेव्हा शरीर कसे घडते ते आधी सांगितले पाहिजे, असा हा हिशेबनिसाला शोभणारा क्रम. गर्भ कसा वाढतो, हाडे किती, शिरा किती, हे सांगून झाल्यावर तो चक्रांकडे वळतो. त्याची चक्रे सात नाहीत, दहा आहेत. आणि प्रत्येक पाकळीचे फळ काय ते त्याने मोजून दिले आहे.

मणिपुराच्या दहा पाकळ्या पाहा. गाढ झोप, तृष्णा, ईर्ष्या, चहाडखोरी, लाज, भय, घृणा, मोह, मनाचा मळ आणि विषाद. अनाहताच्या बारा पाकळ्या. चंचलपणाचा नाश, कपट, वितर्क, पश्चात्ताप, आशा, चिंता, इच्छा, समता, दंभ, विकलता, विवेक, अहंकार. भिंतीवरच्या चित्रात अनाहत म्हणजे प्रेमाचे आणि शोकाचे घर. शार्ङ्गदेवाच्या अनाहतात प्रेम नाही, शोकही नाही. तिथे कपट आहे आणि त्याच फुलात विवेकही आहे. दंभाला लागून समता आहे. ही यादी एखाद्या ओळखीच्या माणसाच्या छातीसारखी आहे. चौकटीतल्या एका शब्दापेक्षा मला ती खरी वाटते.

आता शोक कुठे आहे? त्यासाठी वर चढावे लागते, घशात. विशुद्धीच्या वर, पडजिभेच्या जागी, शार्ङ्गदेव 'ललना' नावाचे बारा पाकळ्यांचे चक्र सांगतो, जे भिंतीवरच्या सात कमळांत नाहीच. त्याच्या पाकळ्या अशा. मद, मान, स्नेह, शोक, खेद, लोभ, अरती, संभ्रम, ऊर्मी, श्रद्धा, संतोष आणि उपरोध. चौथी पाकळी शोकाची. मला हे वाचून हसू आले आणि मग आले नाही. शोक गळ्यात असतो हे सांगायला मराठी माणसाला ग्रंथ लागत नाही. गळा दाटतो, कंठ फुटत नाही, घास उतरत नाही, आवंढा गिळावा लागतो. भाऊजी गेल्यावर ताईची बोलती बंद झाली होती. आमच्या भाषेने शोकाची जी जागा धरून ठेवली, तीच या हिशेबनिसाने धरली होती. छाती नव्हे.

पण जागेपेक्षाही मोठा फरक दुसरा आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे मर्म तिथे आहे. शार्ङ्गदेवाच्या वर्णनात कमळात भावना साठलेली नाही. पाकळीवर बसणारा जीव आहे. तो जिथे बसतो तिथली वृत्ती त्याला होते, आणि तो जागा बदलतो. ही कल्पना त्याची एकट्याची नाही. हंसोपनिषदात हृदयकमळाला आठ पाकळ्या आहेत. जीव एका पाकळीवर गेला की पुण्याची बुद्धी होते, दुसरीवर झोप आणि आळस, तिसरीवर क्रौर्य, आणि मधोमध आला की वैराग्य. फुलावर भुंगा फिरावा तसा जीव फिरतो. नव्या चित्रामागची कल्पना मात्र तुंबलेल्या नळाची आहे. काहीतरी अडकले आहे, ते ढकलून बाहेर काढायचे, मग पाणी वाहील. जुन्या ग्रंथांत अडथळा नाही असे मी म्हणत नाही. हठप्रदीपिकेत नाड्या मळाने भरलेल्या आहेत, ग्रंथी भेदायच्या आहेत. पण तो मळ म्हणजे गेलेल्या माणसाचे दुःख नव्हे. दुःखाला मळ ठरवले की ते न गेल्याचा दोष दुःखी माणसाकडे येतो. ताईने "माह्यंच चुकत असन का" म्हटले, ते त्या नळामुळे. पाकळीवर बसलेल्या जिवाला असा प्रश्न पडण्याचे कारण नाही. तो बसला आहे. उठेल तेव्हा उठेल.

शार्ङ्गदेवाला याचे करायचे काय होते, तेही मजेचे आहे. जीव कोणत्या पाकळीवर असता गाणे साधते आणि कोणत्या पाकळीवर असता बिघडते, हे त्याला सांगायचे होते. अनाहताच्या पहिल्या, आठव्या, अकराव्या आणि बाराव्या पाकळीवर साधते. म्हणजे चंचलपणा गेला, समता आली, विवेक आला तर गाणे होते. आणि अहंकार असला तरी होते. बारावी पाकळी त्याचीच आहे. गवयांच्या सहवासात राहिलेल्या माणसाचे हे निरीक्षण दिसते. चौथ्या, सहाव्या, दहाव्या पाकळीवर, म्हणजे पश्चात्तापात, चिंतेत आणि विकलतेत, गाणे जाते. ललनेतल्या मद, शोक आणि खेद या पाकळ्यांवरही जाते. तिथे ते साधते फक्त श्रद्धा आणि संतोष यांवर. शोकात असलेल्या माणसाच्या तोंडून गाणे निघणार नाही, हे तो शांतपणे नोंदवतो. तो त्यावर उपाय सुचवत नाही आणि दोषही देत नाही.

शार्ङ्गदेवाने आपल्या 'अध्यात्मविवेक' नावाच्या दुसऱ्या ग्रंथाचाही हवाला दिला आहे, शरीराचा विस्तार तिथे पाहा म्हणून. जॉन वुडरॉफ यांनी १९१९ साली 'आर्थर अ‍ॅव्हलॉन' या नावाने बंगालच्या पूर्णानंदांचे १५७७ मधले 'षट्चक्रनिरूपण' इंग्रजीत आणले. त्याच्या प्रस्तावनेत पाकळ्यांवरच्या वृत्ती दिल्या आहेत, त्या हंसोपनिषदाच्या टीकेत आलेल्या 'अध्यात्मविवेका'च्या आधाराने. नाव तेच, विषय तोच. ग्रंथ देवगिरीचाच असावा असे माझे मत आहे. तसे असेल तर आपलीच यादी कलकत्त्याहून लंडनला जाऊन आली.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण तो तितका रसाळ नाही. वुडरॉफ यांच्या पुस्तकामुळे एका बंगाली ग्रंथातली सहा चक्रे आणि वरचे सहस्रार हाच जगभर एकमेव हिशेब झाला, आणि दहा, नऊ, पाच चक्रांचे इतर हिशेब मागे पडले. १९२७ मध्ये थिऑसॉफिस्ट लेडबीटर यांनी आपल्याला दिसलेली चक्रे रंगांसह छापली. १९३२ च्या ऑक्टोबरात झुरिकला कार्ल युंग यांनी कुंडलिनीवर व्याख्याने दिली. मणिपूर म्हणजे भावनांची आग, आणि अनाहत म्हणजे त्या आगीपासून पाऊलभर मागे सरून तिच्याकडे पाहता येण्याची जागा, असा त्यांचा अर्थ. युंग यांचे वाचन चुकीचे असेल, पण ते मोठ्या माणसाचे चुकीचे वाचन आहे. आपण योग सांगत नसून आपल्या रुग्णांच्या मनाचे बोलतो आहोत, याचे भान त्यात आहे. नंतरच्यांनी ते भान सोडले. भीती, अपराधभाव, लाज, शोक हा ताईच्या भिंतीवरचा नेमका क्रम अ‍ॅनोडिया जुडिथ या अमेरिकी लेखिकेच्या १९९६ च्या पुस्तकात आहे. पुस्तक मानसोपचाराचे आहे, आणि त्या जातीचे म्हणून ते वाईट नाही. फक्त त्याचे वय हजारो वर्षे नाही. माझ्या भाचीपेक्षा ते लहान आहे.

इथे थांबलो तर अन्याय होईल. कारण ताईने दोन वाक्ये सांगितली होती, आणि पहिले होते, "श्वास घेतो तेवढा वेळ बरं वाटते."

हे पहिले वाक्य जुन्या ग्रंथांतही पक्के आहे. पतंजलीने चित्तविक्षेपाबरोबर येणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या, दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप, आणि श्वास-प्रश्वास, म्हणजे श्वासाची बिघडलेली लय. लगेच पुढे चित्त प्रसन्न करण्याचे उपाय येतात. त्यांत आधी मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा, म्हणजे इतरांशी वागायचे चार भाव, आणि मग पर्यायाने श्वास सावकाश बाहेर सोडणे आणि रोखणे. चक्रांचा उल्लेख त्या जागी नाही. लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी हाच धागा प्रयोगशाळेत नेला. उड्डियान आणि नौलीच्या वेळी पोटात होणारी निर्वात अवस्था त्यांनी नळी आणि दाबमापक लावून मोजली, आणि तिला आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले. भक्ती नावात ठेवली आणि आकडे कागदावर. असा नीटनेटकेपणा आता दुर्मिळ आहे.

अलीकडचा एक प्रयोग मात्र मला विशेष वाटतो. २००१ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लुचिआनो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांवरचे निरीक्षण प्रसिद्ध केले. माळ ओढत लॅटिनमधली मेरीची प्रार्थना म्हणा, किंवा 'ओम मणि पद्मे हुम्' म्हणा, श्वास आपोआप मिनिटाला सुमारे सहावर येतो, आणि हृदयाची लय व रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया सुधारते. त्या माणसांना कोणी श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितले नव्हते. ते शब्द म्हणत होते, आणि ओळ संपेपर्यंत श्वास सोडावा लागत होता, म्हणून तो लांबत होता.

हे वाचताना मला आमच्या आईचे दळण आठवले. पहाटे जाते, एका हाताने खुंटा, दुसऱ्याने घास, आणि ओवीची एक ओळ एका सोडलेल्या श्वासात. ओळ लांबली की जात्याचा फेरा लांबे. आमच्याकडे पिठाची चक्की आली आणि ते थांबले. त्या ओव्यांत कोणती बाई कशासाठी रडत होती हे घरातल्या सगळ्यांना ऐकू येई आणि कोणी त्यावर बोलत नसे.

इथे मला यादवकाळातल्या त्या दोघांकडे परत जावेसे वाटते, कारण दोघांनीही शेवटी एकच गोष्ट केली. शार्ङ्गदेवाने चक्रे सांगितली, अनाहत नादाची मुनी उपासना करतात हेही सांगितले, आणि मग म्हणाला की त्या नादात रंजन नाही, तो लोकांचे मन रमवत नाही. म्हणून मी आहत नादाकडे वळतो, जो लोकांना रंजवतो आणि भवही तोडतो. पुढे सहा अध्याय गाण्याचे, वाद्यांचे, नाचाचे. ज्ञानेश्वरांनी सहाव्यात ज्याला पंथराज म्हटले, त्याच वाटेबद्दल बाराव्या अध्यायात ते सांगतात की या रस्त्याने जाणाऱ्याच्या वाट्याला कष्टच येतात. ते लोखंडाचे चणे खाण्यासारखे आहे, पोट भरेल की प्राण जाईल सांगता येत नाही. भक्तीच्या वाटेला लागलेल्यांना ही व्यथा नाही. अभ्यासक याला विसंगती म्हणतात किंवा तिची सोडवणूक करत बसतात. मला ती विसंगती वाटत नाही. आतला, एकट्याने ऐकायचा नाद त्यांना ठाऊक होता, आणि ऐकणारे समोर बसले होते.

सहाव्यातच त्याची तयारी आहे. एवढा योग ऐकून अर्जुन बावरतो आणि विचारतो, हे योग्यता असलेल्यालाच जमणार की कोणालाही? त्यावर देव विचारतात, योग्यतेची काय कुठे खाण असते? थोडा विरक्त झाला, देहाच्या व्यवहारात नेमस्त राहिला, की तो अधिकारीच. ताईला मी हा भाग वाचून दाखवला. तिला तो आवडला, पण तिचे समाधान झाले नाही. अर्जुनाचा नवरा मेला नव्हता, असे ती म्हणाली नाही, पण चेहऱ्यावर तेच होते.

मग ललनाचक्राची बारा नावे सांगितली. मद, मान, स्नेह, शोक, खेद. तिने मला थांबवले.

"शोकाच्या अल्लग कोन आहे म्हन्लास?"

"अलीकडे स्नेह. पलीकडे खेद."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अलीकडून बसलो असन मी." आणि भात झाला का पाहायला आत गेली.

श्वास ती अजूनही रोज घेते. भाची लक्ष्मीपूजनाला येणार आहे. चित्र भिंतीवरच आहे, त्याच्या खाली ताईने माझ्याकडून बारा नावे मोठ्या अक्षरांत लिहून घेऊन चिकटवली आहेत. भाचीला काय सांगायचे ते तू सांग, असे मला बजावले आहे.